औषधदान आणि औषधाचा व्यापार

श्रावकाच्या दानधर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. 'रत्नकरंड श्रावकाचारा'त औषधदानाचे उदाहरण म्हणून वृषभसेनेचे नाव येते. धर्मशाळेच्या आवारात चालणारा मोफत दवाखाना, पर्युषणात भरणारी आरोग्य शिबिरे, गरजू रुग्णाच्या औषधांचे बिल परस्पर भरणारे दाते ही त्याच परंपरेची आजची रूपे होत. दुसऱ्या बाजूस, मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरील दवाबाजारापासून तालुक्याच्या गावातील मेडिकल दुकानापर्यंत औषधाच्या व्यापारात जैन कुटुंबे पिढ्यान्पिढ्या आहेत. ज्या वस्तूचे दान पुण्यकारक, तिच्याच विक्रीवर उपजीविका करताना मर्यादा कोठे आखावी, हा प्रश्न म्हणूनच या समाजाला परका नाही. जगातील एका बलाढ्य औषध कंपनीचा इतिहास या प्रश्नाची दोन्ही टोके दाखवतो. ती कंपनी म्हणजे अमेरिकेतील मर्क. भारतासह उत्तर अमेरिकेबाहेरील देशांत ती एमएसडी या नावाने ओळखली जाते.

एका दुकानातून दोन कंपन्या

या कंपनीचे मूळ एका औषधाच्या दुकानातच आहे. १६६८ मध्ये फ्रीडरिक याकोब मर्क यांनी जर्मनीतील डार्मस्टाट गावी 'एंजल फार्मसी' विकत घेतली. १८२७ मध्ये याच घराण्यातील हाइनरिक इमॅन्युएल मर्क यांनी वनस्पतींतील गुणकारी द्रव्ये शुद्ध स्वरूपात काढून मोठ्या प्रमाणावर विकण्यास आरंभ केला. १८९१ मध्ये घराण्यातील जॉर्ज मर्क यांनी न्यूयॉर्कमध्ये शाखा उघडली. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राची मालमत्ता म्हणून अमेरिकी सरकारने ती ताब्यात घेतली आणि जर्मन व अमेरिकन अशा दोन वेगळ्या कंपन्या झाल्या. नाव एकच असले तरी त्यांचा आज एकमेकींशी संबंध नाही.

जॉर्ज डब्ल्यू. मर्क हे संस्थापकाचे पुत्र. १९५० मध्ये व्हर्जिनियातील एका वैद्यकीय महाविद्यालयात बोलताना त्यांनी आपले धोरण सांगितले. औषध हे लोकांसाठी असते, नफ्यासाठी नव्हे. हे भान ठेवले की नफा आपोआप मागून येतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या विचाराला आचरणाचा आधारही होता. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले, तेव्हा करारानुसार त्याचे एकाधिकार मर्ककडे होते. वॅक्समन यांच्या विनंतीवरून कंपनीने ते सोडून दिले आणि इतर कारखान्यांनाही हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली.

मूठभर माती आणि नदीकाठचे अंधत्व

या धोरणाची खरी कसोटी पुढच्या पिढीत लागली. आफ्रिकेत वेगवान पाण्याच्या नद्यांकाठी एक लहान काळी माशी वाढते. तिच्या दंशातून शरीरात एक कृमी शिरतो. प्रौढ कृमी दहा ते पंधरा वर्षे जगतो आणि त्याची लक्षावधी सूक्ष्म पिल्ले त्वचेत व डोळ्यांत पसरतात. असह्य खाज सुटते आणि शेवटी दृष्टी जाते. सुपीक जमीन नदीकाठी असूनही लोक गावे सोडून जात, कारण काठावर राहणे म्हणजे चाळिशीच्या आत आंधळे होणे, असा त्यांचा अनुभव होता. वैद्यकशास्त्रात याला ऑन्कोसर्कायसिस म्हणतात.

जपानच्या कितासातो संस्थेतील सातोशी ओमुरा यांनी कवाना येथील गोल्फ मैदानाजवळची माती गोळा केली होती. तिच्यातील एक जिवाणू त्यांनी मर्ककडे पाठवला. न्यू जर्सीतील राहवे येथील प्रयोगशाळेत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यातून कृमिनाशक द्रव्य मिळाले. त्यापासून तयार झालेले आयव्हरमेक्टिन प्रथम १९८१ मध्ये जनावरांचे औषध म्हणून बाजारात आले आणि पशुवैद्यकातील सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक ठरले. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद अझीझ यांनी सेनेगलमध्ये माणसांवरील पहिली चाचणी सुरू केली. वर्षातून एकदा घेतलेल्या गोळीने सूक्ष्म कृमी नाहीसे होत होते. ओमुरा आणि कॅम्बेल यांना या कार्यासाठी २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

औषध सिद्ध झाले, पण ज्यांना त्याची गरज होती त्यांच्याजवळ दमडी नव्हती. कंपनीचे प्रमुख डॉ. रॉय व्हॅगेलोस यांनी अमेरिकी सरकारकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. अखेर २१ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांनी जाहीर केले की, मेक्टिझान या नावाचे हे औषध जेवढे लागेल तेवढे आणि जोपर्यंत लागेल तोपर्यंत विनामूल्य दिले जाईल. संख्येची किंवा मुदतीची कोणतीही अट त्यात नव्हती. ते वचन आजही पाळले जात आहे.

दान पोहोचवण्याची कला

औषध फुकट देणे सोपे, ते योग्य हाती पोहोचवणे कठीण. अटलांटा येथील एका स्वतंत्र तज्ज्ञ समितीकडे वाटपाचे निर्णय सोपवण्यात आले. देवीरोगाच्या निर्मूलनात मोठा वाटा असलेले डॉ. विल्यम फेगी तिचे प्रमुख होते. दुर्गम गावांत वजनकाटे नव्हते, म्हणून उंचीवरून मात्रा ठरवणारी खुणांची काठी वापरात आली. काठीशेजारी उभे राहायचे आणि ज्या खुणेपर्यंत डोके पोहोचेल तितक्या गोळ्या घ्यायच्या. पुढे वाटपाचे कामही गावकऱ्यांनीच निवडलेल्या स्वयंसेवकांकडे गेले. प्रौढ कृमी या औषधाने मरत नसल्याने हे काम वर्षानुवर्षे चालवावे लागते.

फळ उशिरा आले, पण आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये कोलंबिया, २०१४ मध्ये इक्वेडोर, २०१५ मध्ये मेक्सिको आणि २०१६ मध्ये ग्वाटेमाला या रोगापासून मुक्त झाल्याचे मान्य केले. जानेवारी २०२५ मध्ये नायजर हा असा मान पटकावणारा आफ्रिकेतील पहिला देश ठरला. हेच आयव्हरमेक्टिन हत्तीरोगाविरुद्धच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचारातही वापरले जाते. भारतात हा उपचार ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम राबवला गेला, त्यांत नागपूर जिल्हा होता.

व्यापारी दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जनावरांच्या औषधातून मिळालेल्या नफ्याने माणसांसाठीच्या दानाला बळ दिले. अमेरिकी कायद्यानुसार अशा दानावर करसवलतही मिळते. म्हणजे हे दान धंदा बुडवून केलेले नव्हते, तर सुस्थितीतील धंद्याने विवेकाने उचललेली जबाबदारी होती.

त्याच घरातील दुसरी गोष्ट

याच कंपनीने मे १९९९ मध्ये व्हायॉक्स हे सांधेदुखीवरील औषध अमेरिकेत आणले. पोटाला कमी त्रास देणारे वेदनाशामक म्हणून त्याची धडाक्याने जाहिरात झाली आणि ते ८० हून अधिक देशांत पोहोचले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तुलनेसाठी वापरलेल्या नेप्रोक्सेनपेक्षा व्हायॉक्स घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके कित्येक पटींनी अधिक दिसले. नेप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे, असा अर्थ कंपनीने लावला आणि विक्री चालू ठेवली. २००३ मध्ये या एका औषधाची विक्री सुमारे २५० कोटी डॉलर होती.

पुढे दुसऱ्या एका चाचणीत औषधविरहित गोळी घेणाऱ्यांशी तुलना झाली, तेव्हा धोका स्पष्ट झाला. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने स्वतःहून व्हायॉक्स जगभरातून मागे घेतले. २००७ मध्ये हजारो दावे मिटवण्यासाठी तिने ४८५ कोटी डॉलर देऊ केले. त्यात दोष मान्य केला नव्हता. २०११ मध्ये मात्र मान्यता नसलेल्या उपयोगासाठी जाहिरात केल्याचा गुन्हा कबूल करून आणि सुरक्षिततेविषयीच्या विधानांबद्दलचे आरोप मिटवून तिने सुमारे ९५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

या काळात आफ्रिकेतील औषधदान अखंड चालू होते, हे विशेष. परंतु एका हाताच्या दानाने दुसऱ्या हाताचा दोष धुऊन निघत नाही. दान हे पुण्य आहे. सत्य आणि अचौर्य ही व्रते आहेत. खोटी मापे आणि भेसळीचा व्यवहार यांना शास्त्रकारांनी अचौर्याचे अतिचार मानले आहे. आजच्या औषधबाजारात माप म्हणजे केवळ तराजू नव्हे. धोक्याची माहिती कमी सांगणे आणि गुणाची माहिती वाढवून सांगणे हेही खोटे मापच होय.

आजचे चित्र

आज कंपनीची भिस्त किट्रुडा या कर्करोगावरील औषधावर आहे. २०२४ मध्ये सुमारे ६,४२० कोटी डॉलरच्या एकूण विक्रीपैकी सुमारे २,९५० कोटी डॉलर या एका औषधाचे होते. अनेक रुग्णांना त्याने आयुष्य दिले, परंतु त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरीकडे, कोविडच्या काळात २०२१ मध्ये याच कंपनीने मोल्नुपिराविर बनवण्याचे परवाने पाच भारतीय कंपन्यांना दिले. त्यांत मुंबईच्या सिप्ला व सन फार्मा आणि पुण्याची एमक्योर होती.

अहिंसेचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. औषधाच्या शोधात प्राण्यांवर प्रयोग होतात, कृमिनाशक औषध कृमींचा नाश करते आणि बहुसंख्य कॅप्सूलचे कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. संकल्पी हिंसा आणि गृहस्थाकडून अपरिहार्यपणे घडणारी हिंसा यांत शास्त्राने भेद केला आहे. तरीही वनस्पतिजन्य कवच उपलब्ध असेल तेथे ते निवडणे, आणि विक्रेत्याने ग्राहकास ते सांगणे, एवढे तर प्रत्येकाच्या हाती आहे.

औषधाच्या व्यापाऱ्यास मेक्टिझानइतके मोठे दान करण्याची संधी क्वचितच येईल. मुदत संपलेली पट्टी फळीवरून काढणे, कंपनीने परत मागवलेला बॅच त्याच दिवशी बाजूला ठेवणे, तेवढ्याच गुणाचे स्वस्त औषध असल्यास ग्राहकाला सांगणे आणि चिठ्ठीविना देऊ नये ते न देणे, या गोष्टी मात्र रोज त्याच्या गल्ल्यावर येतात. वर्षाअखेरीस दिलेल्या देणगीची पावती जपून ठेवली जाते. रोजच्या या संयमाची पावती कोणी देत नाही. तरीही दानाला शुद्धता येते ती याच संयमाने कमावलेल्या धनातून.