इतिहास आणि हिशेब: स्त्रियांच्या श्रमांवरचा वाचनगट कसा चालवावा

सावित्रीबाई फुले, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई ही नावे आपल्याकडे भाषणांतून वारंवार येतात. त्यांनी लिहिले काय, हे मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते. दुसरीकडे मजुरी, उधारी, बचतगटाचे हप्ते आणि भिशी यांवर बायका रोज बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थशास्त्राचा मान कोणी देत नाही. या दोन्ही गोष्टी एका बैठकीत आणणारा वाचनगट कोणत्याही गावात, वस्तीत किंवा सोसायटीत उभा राहू शकतो. त्याला पदवी लागत नाही की मोठा निधी लागत नाही. नियमितपणा आणि नीट निवडलेला मजकूर असला की पुरे. गट कसा बसवावा, त्यात काय वाचावे आणि वाचताना कोणते प्रश्न विचारावेत, ते पुढे क्रमाने दिले आहे.

दोन विषय एकत्र का?

स्त्रियांचा इतिहास आपण बहुधा सुधारणांचा इतिहास म्हणून शिकतो: सतीबंदी, विधवाविवाह, संमतिवय, शिक्षण. त्यात जमीन, मजुरी आणि मालमत्ता क्वचितच येतात. त्या आणल्या की ओळखीची गोष्टही वेगळी दिसू लागते.

रखमाबाईंचा खटला घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने पुढे नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८७ साली न्यायालयाने सांगितले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण रखमाबाईंच्या वडिलांची मालमत्ता आधी आईकडे आणि आईने पुनर्विवाह केल्यावर मुलीकडे आली होती, हे कळले की संमतीच्या प्रश्नाशेजारी मालमत्तेचा प्रश्नही उभा राहतो. स्वतःच्या नावावर काही असणे आणि नकार देता येणे यांचा संबंध काय, ही चर्चा तिथून सुरू होते.

उलट बाजूनेही हेच खरे आहे. आजची आकडेवारी नुसती पाहिली तर बायकांचे काम स्वस्त असणे हा निसर्गनियमच वाटू लागतो. ते स्वस्त कधी झाले, कोणी केले आणि त्याला कोणी विरोध केला, हे इतिहासच सांगतो.

गट कसा बसवावा?

आठ ते बारा जण पुरेत. पंधरा दिवसांतून एकदा दीड-दोन तास बसावे. वेळ गटातल्या सर्वांत व्यस्त बाईला विचारून ठरवावी. शेतमजूर, घरकामगार, अंगणवाडी सेविका, शिक्षिका आणि निवृत्त बँक कर्मचारी एका गटात आल्या तर चर्चेला खोली येते. पुरुषांनीही यावे. मात्र सतरंजी घालणे, चहा करणे आणि मुले सांभाळणे यांची पाळी सगळ्यांवर सारखी यावी.

जागेसाठी आधी सार्वजनिक वाचनालयात विचारावे. महाराष्ट्रात १९६७ सालच्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड अशा वर्गांतली मान्यताप्राप्त ग्रंथालये गावोगावी आहेत. त्यांना वाचक हवे असतात आणि गटाला छप्पर हवे असते.

वाचन मोठ्याने करावे. एका बैठकीला दहा-बारा पाने पुरेत. आळीपाळीने वाचले की कमी शिकलेली बाईही मागे पडत नाही, आणि घरी वाचायला वेळ मिळाला नाही म्हणून कोणाला ओशाळे वाटत नाही. चर्चेत प्रत्येकाची एक पाळी झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. एकीने वहीत मुद्दे टिपावेत. पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने शक्यतो टाळावीत, कारण वक्ता आला की गट श्रोता होतो.

पहिल्या बैठका: एकोणिसावे शतक

सुरुवात मुक्ता साळवेच्या निबंधाने करावी. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. गरिबांना त्यांच्या जागेवरून हाकलून उभारलेल्या इमारती आणि डोक्यावर छप्पर नसताना होणारी बाळंतपणे यांबद्दल मुक्ता लिहिते. जात, जमीन आणि बाईचे शरीर यांचा संबंध चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने इतका थेट मांडला आहे की प्रस्तावनेची गरजच पडत नाही.

नंतर ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी या टीकेला १८८२ साली पुस्तकानेच उत्तर दिले. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित केले. एवढे तिखट पुस्तक इतकी वर्षे कपाटाबाहेर का आले नाही, हा प्रश्नही गटाने चर्चेला घ्यावा. कोणते लेखन छापले जाते, कोणते जपले जाते आणि त्यासाठी पैसा कोण घालतो, हा अर्थकारणाचाच भाग आहे.

सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय मा. गो. माळी यांच्या संपादनात महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले आहे. त्यातली निवडक पाने या टप्प्यात घेता येतात.

गिरणगाव: मजुरी, बाळंतपण आणि खाणावळ

विसाव्या शतकासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांसारखा दुसरा विषय नाही. गिरण्यांत बायका प्रामुख्याने रिळे आणि बाबिणी भरण्याच्या खात्यांत असत. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. रा. सी. आसवले यांनी आणलेल्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतरच्या दशकांत मात्र गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घटत गेले. त्यात यंत्रे, पाळ्या, रात्रपाळीची बंदी आणि मालकांचे धोरण यांचा वाटा किती, यावर गटाने वाद घालावा. संरक्षण देणारा कायदा कामावरून काढायचे निमित्त होऊ नये म्हणून आणखी काय लागते? २०१७ साली प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, तेव्हाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

गिरणीच्या दाराबाहेर आणखी एक अर्थव्यवस्था होती, खाणावळींची. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या बायका वाणसामानासाठी चढ्या व्याजाने उधारी काढत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जापर्यंत नेले. गिरणी कामगाराच्या पगारात या स्वयंपाकाची किंमत दडलेली होती, हे गटाला इथे स्पष्ट दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा अभ्यासही याच दाराने करावा. संपकऱ्यांची घरे कोणाच्या कमाईवर चालली, हे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केलेल्या गिरणगावाच्या मुलाखतींतून शोधता येते.

आंबेडकरी चळवळीतल्या बायका

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन लिहिलेले हे पुस्तक गटासाठी अभ्यासपद्धतीचा धडाही आहे, कारण साध्या मुलाखतींतून इतिहास कसा उभा राहतो ते त्यात दिसते. त्याच्या जोडीला बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घ्यावे. फलटणला छोटे दुकान चालवता चालवता, सामान बांधायला आणलेली जुनी वर्तमानपत्रे वाचत, घरच्यांपासून लपवून त्यांनी लेखन केले. जातीबाहेरचा अन्याय आणि घरातला अन्याय दोन्ही त्यांनी सांगितले. वरच्या जातीतल्या बाईचे घरात कोंडले जाणे आणि दलित बाईचे दिवसभर बाहेर राबणे ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे कशी, हे समजायला शर्मिला रेगे यांचे लेखन मदत करते.

शेत, रोजगार हमी आणि कोयता

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि तळी खोदायला बायका मोठ्या संख्येने आल्या. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि १९७९ पासून लागू झाला. काम मागणे हा हक्क ठरला, आणि मजुरी कामाच्या मापावर असल्यामुळे बाई-पुरुष असा वेगळा दर राहिला नाही. २००५ सालच्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. गटातल्या वयस्क बायकांपैकी कोणी दुष्काळी कामावर गेली असेल, तर त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून तिचे ऐकावे.

ऊसतोडीचा अभ्यास मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या गटांनी तरी जरूर करावा. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला, आणि व्यवहार होतो तो पुरुषाशी. टनावर ठरलेल्या मजुरीत बाईचा वाटा वेगळा लिहिलाच जात नाही. एक दिवस काम बुडाले तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. पाळीच्या त्रासातही कामावर जावे लागते, त्याचे मूळ या हिशेबात आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. आरोग्याचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न एकच कसा असतो, हे सांगणारे याहून कठोर उदाहरण शोधावे लागत नाही.

घरकाम मोजायचे कसे?

आता आकडे हाती घ्यावेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय दिवसभरात असे काही काम केलेल्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, पुरुष फक्त २६.१ टक्के. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची २८९ आणि पुरुषांची ८८ मिनिटे झाली. दोघांचीही मिनिटे घटली, मधले अंतर जवळपास तेवढेच राहिले.

रोजगाराच्या सरकारी पाहण्यांत घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला ९२ हा संकेतांक मिळतो. घर सांभाळून सरपण, चारा, पाणी आणणाऱ्या किंवा घरच्यासाठी शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीला ९३. दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. राष्ट्रीय उत्पन्नातही घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक आणि शुश्रूषा येत नाही. न्यूझीलंडच्या माजी खासदार मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ च्या पुस्तकात या पद्धतीवर सविस्तर टीका केली. भारतीय न्यायालयांसमोर हा प्रश्न नुकसानभरपाईच्या रूपाने येतो. जमशेदपूरच्या १९८९ सालच्या आगीतल्या मृत गृहिणींच्या सेवेचे मूल्य सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महिना तीन हजार रुपये धरले. जिवंतपणी शून्य असलेली किंमत मृत्यूनंतर ठरवावी लागते, यावर गटाने निवांत बोलावे.

मग प्रत्येकाने एका दिवसाची वेळवही ठेवावी. उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केले ते लिहावे आणि पुढच्या बैठकीला आणावे. पुरुष सभासदांनीही ती ठेवावी. या एका वहीने जेवढी चर्चा होते तेवढी दहा पानी लेखाने होत नाही.

नाव कोणाचे?

मालमत्तेच्या बैठकीला कायदा आणि घरातले कागद दोन्ही लागतात. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ साली केंद्राने हा हक्क देशभर दिला. वडील त्या वेळी हयात होते की नाही यावर तो अवलंबून नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. त्याबद्दल कोणाला दोष न देता, ती सही कोणत्या भीतीपोटी होते हे गटाने समजून घ्यावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितले. स्वखुशीने दिलेली जमीन आणि कायद्याने मिळालेला वाटा यांत फरक काय, हा तिथला प्रश्न. बीना अगरवाल यांचे १९९४ सालचे संशोधन हाताशी असेल तर बाईच्या नावावरच्या जमिनीने घरातले तिचे बळ कसे बदलते, हेही पाहता येते.

पुस्तकात न आलेली साधने

ज्या बायकांना लिहिता येत नव्हते त्यांचे विचार जात्यावरच्या ओव्यांत आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, कष्ट, पीक, बाबासाहेब असे किती तरी विषय त्यांत आहेत. गटानेही आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या आणि आठवणी त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित कराव्यात. पहिली मजुरी किती होती, ती कोणाच्या हातात पडत असे आणि पहिले दागिने कधी मोडले, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत.

गटातून काय निघावे?

सहा महिन्यांनी गटाकडे काहीतरी लिखित असावे: सभासदांच्या वेळवह्यांचा गोषवारा, चार-पाच मुलाखती, किंवा वस्तीतल्या किती घरांच्या सातबाऱ्यावर वा मालमत्तापत्रकावर बाईचे नाव आहे याची साधी यादी. ती ग्रामसभेत किंवा प्रभागातल्या सभेत वाचून दाखवावी. अंगणवाडी सेविकांनी आपले काम काम म्हणून मानले जावे यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि खटले लढवले, तेव्हा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. प्रसूती रजा, रोजगार हमी, जमिनीतला वाटा यांपैकी काहीही आपोआप मिळालेले नाही. कोणीतरी आधी हिशेब मांडला, मग मागणी केली. आपल्या वस्तीतला असा हिशेब अजून कोणी मांडलेला नसेल, तर तो मांडणे हेच वाचनगटाचे काम आहे.