एचबीएवनसीचा आकडा काय सांगतो?

रिपोर्टात ‘एचबीएवनसी ६.१’ दिसतं आणि बरेच जण फक्त उपाशीपोटीची साखर बघून कागद घडी करतात. असं करू नका! रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते ती पेशी मरेपर्यंत. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आदल्या दिवशी गोड बंद करून ती फसत नाही. उपाशी राहायचीही गरज नाही.

५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मात्र सिकलसेल या रक्ताच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा कमी येऊ शकतो. हा आजार जास्त आढळतो त्या गडचिरोली, नंदुरबारकडच्यांनो, घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.