किती राज्ये पाहिली? आधी नियम ठरवा

शिरड शहापूर (जि. हिंगोली) : औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. गावात भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. एका बाजूला औंढ्याचे ज्योतिर्लिंग, तर दुसऱ्या बाजूला पुढे नांदेडचा सचखंड गुरुद्वारा. साहजिकच या रस्त्यावर परराज्यांतील वाहने नेहमीच दिसतात. क्रमांकाच्या पाटीवरची पहिली दोन अक्षरे वाचून राज्य ओळखायचे, हा येथील मुलांचा खेळ. 'केए', 'जीजे', 'एमपी' ओळखणे सोपे असते. घोटाळा होतो तो हैदराबादच्या गाड्यांचा. २०१४ पूर्वीच्या गाडीवर 'एपी', त्यानंतरच्या गाडीवर 'टीएस' आणि मार्च २०२४ नंतर नोंदलेल्या गाडीवर 'टीजी'. पाट्या तीन, शहर मात्र एकच. मुलाने यात किती राज्ये मोजायची?

हाच प्रश्न थोरांनाही पडायला हवा, पण तो सहसा पडत नाही. सुटीचा प्रवास आटोपून परतलेल्या मंडळींत 'आमची चौदा राज्ये झाली, तुमची किती?' अशी विचारणा आता नित्याची झाली आहे. भारताच्या नकाशात पाहिलेली राज्ये रंगवायची आणि उरलेल्यांची यादी भिंतीवर लावायची, असा छंद अनेक घरांत जडला आहे. छंद निरुपद्रवी आहे, भूगोल शिकवणाराही आहे. मात्र हा आकडा सांगताना आपण नेमके काय मोजले, याचा खुलासा फारसा कोणी करत नाही. त्याच माणसाने तोच प्रवास केला तरी नियम बदलला की आकडा बदलतो. नियम तोच ठेवला तरी साल बदलले की आकडा पुन्हा बदलतो.

यातील दुसरी गोष्ट समजून घेण्यासाठी शिरड शहापूरसारखे दुसरे ठिकाण नाही. १९४० च्या सुमारास येथे जन्मलेल्या आणि गाव कधीही न सोडलेल्या व्यक्तीचा हिशेब मांडून पाहावा. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. त्या मुलखाला तेव्हा लोक 'मोगलाई' म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानचा अंमल संपला आणि पुढे भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्य आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत त्या व्यक्तीची संस्थान धरून चार सरकारे आणि निव्वळ राज्ये मोजली तर तीन राज्ये, उंबरठा न ओलांडता, पुरी झाली होती. त्यानंतर १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि गाड्यांवरचा 'एमएच २२' जाऊन 'एमएच ३८' आला, ती गोष्ट निराळी.

यात केवळ कागदोपत्री गंमत नाही. निजामाच्या काळात संस्थानचे नाणे निराळे होते. इकडे हाली शिक्का चाले, तर इंग्रजी मुलखात कलदार रुपया. सरहद्दीवर मालावर जकात बसे आणि ती घेणाऱ्या करोडगिरी नाक्यांवर १९४७-४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ले केले, हे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नोंदलेले आहे. हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. आज हिंगोलीहून वाशीमला जायला तासाभराचा रस्ता आहे आणि आपण जिल्हा ओलांडला याचेही कोणाला भान राहत नाही. १९५६ पर्यंत मात्र वाशीम दुसऱ्या राज्यात होते. ते आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि १९५० नंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात मोडत असे. या वाटेवरच्या गावाचे नाव आजही कन्हेरगाव नाका असेच आहे. याउलट बीदर, गुलबर्गा आणि हैदराबाद ही सारी 'आपल्याच राज्यातली' गावे होती. १९५६ मध्ये एका रात्रीत हे चित्र उलटले. वाशीम घरचे झाले आणि बीदर परराज्यात गेले. ज्या कुटुंबांचे सोयरेसंबंध बीदरकडे होते, त्यांच्या लेकी न हलता म्हैसूर राज्याच्या, आणि १ नोव्हेंबर १९७३ नंतर कर्नाटकच्या रहिवासी झाल्या.

बारा ज्योतिर्लिंगे, राज्ये किती?

आपल्याकडे राज्ये मोजण्याची हौस नवी असली तरी स्थळे मोजण्याची परंपरा जुनी आहे. चार धाम, सप्तपुरी, बारा ज्योतिर्लिंगे हे मोजून पुरे करायचेच प्रवास होत. त्यातील ज्योतिर्लिंगांचे उदाहरण घेऊ, कारण त्यांपैकी एक शिरड शहापूरच्या शेजारीच आहे.

महाराष्ट्रात रूढ असलेल्या गणनेप्रमाणे वैजनाथ परळीचे आणि नागनाथ औंढ्याचे. त्यानुसार बारांपैकी पाच स्थाने महाराष्ट्रात येतात. उरलेली सात म्हणजे गुजरातेत सोमनाथ, मध्य प्रदेशात उज्जैन आणि ओंकारेश्वर, आंध्रात श्रीशैलम, उत्तराखंडात केदारनाथ, उत्तर प्रदेशात काशी आणि तमिळनाडूत रामेश्वर. बारा स्थानांची आज सात राज्ये होतात. मात्र देवघरचे वैद्यनाथ आणि द्वारकेजवळचे नागेश्वर मानणाऱ्यांच्या गणनेत झारखंडची भर पडून ती आठ होतात. परळी की देवघर, औंढा की द्वारका, हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. श्रद्धेचा निवाडा वार्ताहराने करू नये.

आता हीच यात्रा वेगवेगळ्या साली केली असे समजू आणि महाराष्ट्रातली गणना कायम ठेवू. १९६५ मध्ये यात्रा पुरी करणाऱ्याची सहा राज्ये झाली असती, कारण केदारनाथ तेव्हा उत्तर प्रदेशात होते. उत्तरांचल ९ नोव्हेंबर २००० रोजी स्थापन झाले आणि १ जानेवारी २००७ पासून त्याचे नाव उत्तराखंड झाले. १९५८ मध्ये मात्र याच यात्रेत अवघी पाच राज्ये लागली असती. १९५६ ते १९६० या काळात सौराष्ट्रही मुंबई राज्यातच होते, त्यामुळे सोमनाथ आणि औंढा एकाच राज्यात येत. इतकेच नव्हे, तर ज्या दोन नागनाथांवरून मतभेद आहेत ते दोन्ही, औंढ्याचा आणि द्वारकेचा, त्या साडेतीन वर्षांत एकाच सरकारच्या अखत्यारीत होते. देवळे जागची हलली नाहीत, यात्रेकरूचे पायही तेवढेच शिणले, आकडा तेवढा पाचाचा सात झाला.

वाचकांनी आपापल्या याद्याही अशाच तपासून पाहाव्यात. २०१३ मध्ये हैदराबाद आणि श्रीशैलम एकाच सहलीत पाहिले असेल तर तेव्हा एक राज्य झाले होते, २ जून २०१४ नंतर त्याची दोन झाली. केवळ हैदराबाद पाहिलेल्याच्या यादीत मात्र तेलंगण आले आणि आंध्र प्रदेश निसटला. २०१८ मध्ये लेहला जाऊन आलेल्यांनी जम्मू-काश्मीर हे राज्य मोजले होते. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख आणि जम्मू-काश्मीर हे दोन्ही केंद्रशासित प्रदेश आहेत. गोव्याचे तर विचारूच नका. डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, पुढे केंद्रशासित प्रदेश झाला आणि ३० मे १९८७ पासून राज्य आहे. देशात १९५६ च्या पुनर्रचनेनंतर १४ राज्ये होती, २००० अखेर २८, २०१४ मध्ये २९ आणि २०१९ पासून पुन्हा २८. केंद्रशासित प्रदेश आज आठ आहेत. 'सगळी राज्ये पाहिली' असे १९८० मध्ये खरेपणाने म्हणणाऱ्याला २२ राज्ये पुरेशी होती.

अमेरिकेत पन्नास राज्ये पुरी करण्याचा छंद मोठा आहे. तेथे १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई आल्यानंतर यादी बदललेली नाही, त्यामुळे आजोबा आणि नातू यांची तुलना होऊ शकते. आपल्याकडे ती करताना साल विचारावेच लागते.

नुसते गेलो की राहिलो?

साल ठरले तरी दुसरा पेच उरतोच. 'पाहिले' म्हणजे काय? नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान, हरियाणा, पंजाब अशी सहा राज्ये आणि दिल्ली तिच्या वाटेवर आहे. यातले राजस्थानचे नाव वाचून अनेकांना नवल वाटेल. मुरैना मागे टाकून गाडीने चंबळ ओलांडली की आग्र्याच्या आधी राजस्थानच्या धोलपूर जिल्ह्याची चिंचोळी पट्टी लागते. तेवढ्या वेळात प्रवासी झोपेत असला तर त्याचे राजस्थान झाले म्हणायचे का? शिवाय झाशीच्या आगेमागे ही गाडी उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात इतक्या वेळा आतबाहेर करते, की खिडकीत बसून मोजणाऱ्याचाही गोंधळ उडावा.

लॉस एंजेलिस येथे १९५४ मध्ये स्थापन झालेला ट्रॅव्हलर्स सेंच्युरी क्लब शंभर देश पाहिलेल्यांना सदस्यत्व देतो. त्याचा नियम फार उदार आहे. इंधन भरायला विमान उतरले तरी तो देश मोजला जातो, आणि मुख्य देशापासून दूर असलेली बेटेही स्वतंत्र धरली जातात. आकडा वाढवायचा तर असेच नियम हवेत.

याहून कितीतरी काटेकोर विचार मराठीत सातशे वर्षांपूर्वी झालेला आहे. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या ठिकाणी गेले, त्यांची नोंद महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी' या ग्रंथात आहे. गावाचे नाव लिहून हा ग्रंथ थांबत नाही. देवळाचे दार कोणत्या दिशेला, मठ कोणीकडे, हेही सांगतो. आणि स्वामींचे तेथे जाणे कशा प्रकारचे होते, यासाठी निरनिराळे शब्द वापरतो. दीर्घ मुक्काम झाला ते अवस्थान, रात्रीपुरता मुक्काम ती वसती, नुसते बसणे झाले ते आसन, भोजन झाले ती आरोगणा. अनुयायांना प्रत्येक स्थान वंदनीयच होते, तरीही बसलेली जागा आणि राहिलेली जागा त्यांनी एका मापाने मोजली नाही. आजच्या याद्यांत 'पाहिले' या एकाच रकान्यात सारे कोंबले जाते. विमानतळावर चहा घेतलेले राज्य आणि तीन वर्षे नोकरी केलेले राज्य, दोन्हींची एकेकच खूण. धोलपूरला फार तर आसन म्हणता येईल, आणि तेही रेल्वेच्या बाकावरचे.

तुलनेच्या बाबतीत तर आकडा अधिकच फसवा आहे. राजस्थानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ४२ हजार चौरस किलोमीटर, गोव्याचे ३ हजार ७०२. यादीत दोघांचे वजन सारखेच. हिंगोली हा मराठवाड्यातील लहान जिल्हा, तरीही तो क्षेत्रफळाने गोव्याहून मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती, सिक्कीमची ६ लाख १० हजार आणि मिझोरामची १० लाख ९७ हजार. दोन राज्यांहून अधिक माणसे असलेला हा जिल्हा किती 'राज्यदर्शकांनी' पाहिला असेल?

आणि जे खरोखर राहून येतात, ते मोजत नाहीत. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी कर्नाटकातील कारखान्यांवर जाणारी कुटुंबे तेथे महिनोन्महिने काढतात. तिथला पाऊस, तिथले मुकादम, तिथल्या दवाखान्याची वाट, दुकानदाराशी बोलण्यापुरती कन्नड त्यांना ठाऊक असते. 'आमचे कर्नाटक झाले' असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही. स्थानपोथीच्या भाषेत हे अवस्थान होय, आणि राज्याराज्यांची तुलना करण्याचा अधिकार कोणाला असेल तर आधी त्यांना आहे. रोजंदारी किती, पाणी कोठे, मुलाला शाळा मिळते की नाही, ही त्यांची मापे. पर्यटकाची मापे रस्ते, हॉटेले आणि थंड हवा एवढीच राहतात.

सीमेवर तर ही तुलना उघड राजकारण होते. तेलंगण सरकारने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून रयतु बंधू योजनेत एकरी हंगामाला चार हजार रुपये देण्यास सुरुवात केली. तेव्हा नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद परिसरातील गावांनी 'आम्हाला तेलंगणात जाऊ द्या' अशी मागणी केली होती. ही गावे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती, हे येथे लक्षात घ्यावे. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील चौदा गावांची स्थिती आणखी निराळी. महाराष्ट्र आणि तेलंगण दोघांनीही ती आपली मानली. तेथे दोन्ही राज्यांच्या शाळा चालल्या, घरोघरी दोन शिधापत्रिका आणि दोन मतदार ओळखपत्रे आली आणि लोकांनी दोन्हीकडच्या निवडणुकांत मतदान केले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही गावे राज्यातच समाविष्ट करण्याची प्रक्रिया हाती घेतल्याचे जाहीर केले. शेताच्या बांधावरून दोन सरकारांचे पाणी, वीज आणि गुरुजी शेजारीशेजारी पाहून तुलना केलेली माणसे या चौदा गावांत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या प्रवासाच्या यादीत दोनच राज्ये असतील.