एका आवाजाचे दावेदार

अलिबागेत तुलनेचा सर्वांत काटेकोर प्रयोग झाला तो 1904 ते 1906 या काळात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं बिघडणार, हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागची जागा निवडली गेली, चुंबकत्वाला न बाधणारा पोरबंदरी दगड वापरून इमारत उभी राहिली, आणि मग दोन वर्षं कुलाबा नि अलिबाग या दोन्ही ठिकाणची उपकरणं एकाच वेळी चालू ठेवली गेली. नव्या जागेचे आकडे जुन्यांशी जोडायचे, तर दोन्हीकडे तोच क्षण मोजलेला हवा. वेधशाळा आजही चालू आहे. गिटारच्या पेडलांची तुलना करायची ठरली, तेव्हा तिची ही पद्धत माझ्या डोळ्यांपुढे होती.

तुलना 'क्लॉन सेंटॉर' या पेडलच्या नकलांची. गिटार न वाजवणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. लग्नाच्या मांडवात साउंडवाला ज्याला घाबरतो, तेच गिटारवाल्याला हवं असतं: फाटलेला आवाज. ॲम्पला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की लाटेचे माथे कापले जातात, मुळात नसलेले वरचे स्वर त्यात येतात, सूर जाड आणि खरखरीत होतो, जास्त वेळ टिकतो. ट्यूबच्या ॲम्पमध्ये हे एकदम न होता हळूहळू होतं, म्हणून ते कानाला गोड लागतं. ओव्हरड्राइव्ह पेडल हे काम पायाखालच्या डबीत करतं, किंवा ॲम्पला पुढून रेटा देऊन त्याच्याकडून करवून घेतं.

अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात राहणाऱ्या बिल फिनेगन यांनी 1994 मध्ये सेंटॉर विकायला काढलं. त्याआधीची काही वर्षं इंजिनिअर मित्राच्या मदतीनं सर्किट घडवण्यात गेली होती. पुढे 2008-09 पर्यंत साधारण आठ हजार पेडल त्यांनी हातानं बनवली. आतल्या सर्किटवर त्यांनी इपॉक्सी ओतलं होतं, कुणी उघडून पाहू नये म्हणून. जेफ बेक, जॉन मेयर यांच्यासारख्यांनी ते वापरलं, मागणी वाढत गेली, एकट्या माणसाच्या हातून पुरवठा होईना. आज जुनं सेंटॉर कित्येक हजार डॉलरला जातं. दरम्यान कुणीतरी ते इपॉक्सी काढून सर्किट उतरवून घेतलंच. त्यानंतर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं 'सोल फूड', वॉम्प्लरचं 'टम्नस', जे. रॉकेटचं 'आर्चर', मलेशियातल्या सेरियाटोनचं 'सेंट्यूरा' आणि कितीतरी चिनी डब्या आल्या. खुद्द फिनेगन यांनी 2012 मध्ये 'केटीआर' हे लहान, लाल पेडल काढलं. 2024 मध्ये त्यांनी बेरिंगर कंपनीच्या अशाच पेडलवरून अमेरिकेच्या न्यायालयात दावा दाखल केला. सर्किट इतरांनी उतरवलं यापेक्षा आपलं नाव आणि रूप घेतलं, हे त्यांचं दुखणं होतं. मला ते पटतं. सर्किट सगळ्यांचं होऊ शकतं, पण माणसानं नाव कमावलेलं असतं.

या सर्किटातली खरी कल्पना दुपदरी गेनमध्ये आहे. गेनच्या एकाच दांड्यावर दोन पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारे रोध, बसवलेले आहेत. दांडा फिरवला की एक पॉट फाटलेला आवाज वाढवतो आणि दुसरा त्याच वेळी मूळ स्वच्छ आवाज कमी करतो. शेवटी दोन्ही आवाज एकत्र होतात. म्हणून कमी गेनवर तारेची मूळ टणक ठेच शाबूत राहते आणि तिच्याभोवती फाटल्या आवाजाची जाडी येते. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. नऊ व्होल्टचा पुरवठा आत एका लहान आयसीतून जातो आणि त्यापासून अधिक 18 नि उणे 9 व्होल्ट तयार होतात. आवाज जिथे एकत्र होतो त्या टप्प्याला त्यामुळे 27 व्होल्टचा पैस मिळतो. तो टप्पा स्वतः फाटत नाही, समोरच्या ॲम्पला जोरात ढकलतो. तिसरी गोष्ट लाटेचे माथे कापणाऱ्या जर्मेनियमच्या दोन डायोडची. सगळी दंतकथा त्यांच्याभोवती आहे, कारण ते नेमके कुठले, हे फिनेगन यांनी कधी सांगितलं नाही.

माझ्याकडे मुंबईच्या एका मित्रानं केटीआर दिलं होतं, ते भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला आलं. मूळ सेंटॉर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मूळ निर्मात्यानंच काढलेलं हे मोजपट्टी मानलं. त्याच्यासमोर सोल फूड, टम्नस, मुठीएवढी एक सोनेरी चिनी डबी, आणि चौलच्या एका मुलानं लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून स्वतः सोल्डर केलेलं एक पेडल. या मुलाला मी गिटार शिकवतो. इलेक्ट्रॉनिक्स मात्र मला तो शिकवतो.

तुलना बिघडवणारी पहिली गोष्ट म्हणजे वाजवणारा. आवडत्या पेडलवर पाय ठेवला की हात आपोआप जरा जास्त प्रेमानं चालतो. म्हणून लूपर सगळ्यांच्या आधी जोडला. त्यात एक ओळ भरली: खालच्या तारेवरचे दमदार ठोके, मग एक कॉर्ड, मग वरच्या तारेवर ओढलेला सूर. लूपर तीच ओळ पुन्हा पुन्हा देतो, तसूभरही फरक न करता. ॲम्प 15 वॅटचा, ट्यूबचा, फाटण्याच्या काठावर ठेवलेला.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरक मोठा म्हणून जाणवत नाही, पण तो 'जास्त उबदार', 'जास्त जिवंत' म्हणून जाणवतो. पेडलांबद्दलची निम्मी मतं इथे तयार होत असावीत असं मला वाटू लागलं आहे. आम्ही मोबाइलमधून 400 हर्ट्झचा सूर पाठवला आणि प्रत्येक पेडलचं आउटपुट मल्टिमीटरवर सारखं केलं. गेन वाढवल्यावर लाटेचा आकार बदलतो आणि मीटर तितका खरा राहत नाही, तेव्हा मोबाइलवरच्या आवाजमापकाची मदत घेतली. इथेच पहिली शिकवण मिळाली. सगळी बटणं मधोमध ठेवून केलेली तुलना निरर्थक आहे. पॉटच्या रोधात वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, आणि दांडा फिरताना तो रोध कसा वाढत जातो हेही प्रत्येक कंपनीत वेगळं. चिनी डबीचं मधोमध म्हणजे केटीआरचं पाऊण होतं. ज्यांना ती 'भडक' वाटली त्यांनी बहुधा एवढंच ऐकलं होतं.

तिसरी गोष्ट डोळे. सोनेरी रंग आणि घोड्याचं धड असलेला माणूस दिसला की कान वेगळं ऐकतात. पेडलांवर टॉवेल टाकला, मुलानं जोडण्या बदलल्या, मी पाठ फिरवून बसलो. मग आमच्या जागांची अदलाबदल.

आवाजांची पातळी सारखी असताना, कमी गेनवर, मला पाचांतलं एकही पेडल खात्रीनं ओळखता आलं नाही. मुलालाही नाही. त्याचे कान माझ्याहून तरुण आहेत, वरचे सूर त्याला जास्त ऐकू येतात, म्हणून त्याचं न ओळखणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सर्किट समजल्यावर हे ओघानंच आलं. कमी गेनवर सिग्नल डायोडपर्यंत पुरेसा मोठा होऊन पोचतच नाही, ऐकू येतो तो स्वच्छ पदर, मधल्या पट्टीतला उठाव आणि ॲम्पला मिळालेला रेटा. बहुतेक गिटारवाले हे पेडल अशाच मांडणीत वापरतात: गेन खाली, आउटपुट वर. म्हणजे ज्या डायोडसाठी लोक जुनी पाकिटं धुंडाळतात, ते त्या वेळी जवळजवळ स्वस्थ बसलेले असतात.

गेन मध्यावर नेल्यावर चेहरे दिसू लागले. सोल फूड माझ्या कानाला किंचित उजळ, टम्नस मधल्या पट्टीत जरा भरलेलं. ट्रेबल थोडं हलवलं की हा फरकही बराचसा मिटत होता. फुल गेनवर मात्र डायोड बोलतात. मुलानं आपल्या पेडलमध्ये डायोड सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवले होते, ही त्याची दूरदृष्टी. जर्मेनियमचा 1एन34ए काढून सिलिकॉनचा 1एन4148 घातला की आवाज मोठा, कडक, कडेला टोकदार होतो. जर्मेनियम साधारण 0.3 व्होल्टला वाहू लागतो, सिलिकॉन 0.6च्या आसपास, त्यामुळे कापणीची उंचीच बदलते. पातळी पुन्हा सारखी केली तरी हा फरक उरला. तो खरा आहे, पण तो बटण पार टोकाला नेल्यावरचा फरक आहे. जर्मेनियम उष्णतेनं बदलतो, दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट. बॉस्टनचा हिवाळा आणि आमचा मे महिना यांत हा हिशोब कागदावर दिसण्याजोगा होतो. पंखा बंद करून, घामाघूम होऊन ऐकलं. मला काही कळलं नाही.

मुलाच्या पेडलला एक दोष होता. स्वर थांबला की मागे अगदी बारीक शिट्टी उरायची, डासासारखी. ती नेमकी कुठून येते हे शोधण्यात आमची एक संध्याकाळ गेली, आणि मला या सगळ्या खटाटोपातली तीच सर्वांत आवडली. आधी अडॅप्टर बदलला. मग बॅटरी लावली. शिट्टी कायम. म्हणजे ती आतलीच. व्होल्टेज वाढवणारी आयसी हे काम स्वतःच्या ठोक्यावर करते, आणि साधारणपणे हा ठोका सेकंदाला दहा हजारांच्या आसपास असतो. तो माणसाला ऐकू येतो. या सर्किटात आयसीचा पहिला पाय पुरवठ्याला जोडलेला असतो, त्यामुळे ठोका कानाच्या टप्प्यापलीकडे जातो. मुलानं तो पाय बरोबर जोडला होता. पण दुकानातून आलेली आयसी साधी 7660 होती, तिच्या नावापुढचा 'एस' नव्हता, आणि साध्या 7660 मध्ये त्या पायाला आत काही जोडलेलंच नसतं. भिंगाखाली अक्षरं वाचली तेव्हा उलगडा झाला. योग्य आयसी बसवली आणि खोली गप्प झाली. साध्या आयसीचं दुसरं संकट म्हणजे तिला दहा व्होल्टच्या वर सहन होत नाही. कार्यक्रमात कुणाचाही बारा व्होल्टचा अडॅप्टर लावण्याची आपल्याकडची सवय अशा पेडलचा जीव घेते.

नक्कल चांगली की वाईट हे किनाऱ्यावर शेवटी आवाजावर ठरत नाही. रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत कुठेही समुद्राकडच्या खोलीत गिटार ठेवा, पहिल्या पावसातच तारा तांबूस होतात. खारी हवा जॅकच्या मुलाम्याखाली शिरते, पितळ हिरवं पडतं, पॉट फिरवताना चरचरतात. चिनी डबीत जॅक थेट सर्किटच्या पाटीवर बसवलेले होते. केबलला झटका बसला की ताण सोल्डरवर येतो, आणि आमच्याकडच्या डबीत एका जागी बारीक भेग आधीच दिसत होती. मुलाच्या पेडलमध्ये जॅक डब्याच्या पत्र्याला नटानं आवळलेले आणि तारेनं जोडलेले. खराब झाले तर पान्हा आणि सोल्डरिंग गन पुरे. सर्किट तेच, आवाज तोच, पण माझी पसंती मुलाच्या पेडलला, आणि तीही निःशंक.

हे सगळं एका बेंजोवाल्या मित्राला ऐकवायचं होतं. कोळी-आगरी हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो आवाज माहीत आहे: टाइपरायटरसारख्या पट्ट्या, खाली पोलादी तारा, पिकअप, आणि पुढे भोंगे. हे वाद्य मुळात जपानी 'ताइशोगोतो'चं, 1912 मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी घडवलेलं. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं आणि किनाऱ्यावर बेंजो. त्याची मूळ प्रत इथे कुणी शोधत नाही. भोंग्यातून फाटलेला त्याचा सूर हाच आता त्याचा सूर आहे. म्हणजे ओव्हरड्राइव्ह आमच्या गावांत पेडल येण्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं, रस्त्यावर, हातगाडीवरून.

त्यानं एकेक पेडल लावून लेझीमच्या ठेक्यावर एक चाल वाजवली. गेन वाढवल्यावर त्यानं लगेच मान हलवली. पट्ट्यांच्या ठेच्याचा टक्कन येणारा आवाज त्यात बुडत होता, आणि नाचणाऱ्यांना तर तोच हवा असतो. गेन अगदी खाली आणल्यावर स्वच्छ पदर परत आला, ठेच मोकळी झाली, मधली पट्टी पुढे आली. भोंग्यांना मुळातच खर्ज देता येत नाही, त्यामुळे मधल्या पट्टीचा हा उठाव त्यांना मानवतो. सुरांच्या मधे तार दाबून त्यानं दोनदा तपासलं, ट्रेबल निम्म्याच्या खाली घेतलं, आउटपुट जवळजवळ पूर्ण उघडलं. "यो राहू दे, दादा," म्हणाला. कुठलं पेडल आहे हे त्यानं विचारलं नाही. ते मुलाचं होतं.

आता त्याच्यासाठी दुसरं बांधणं चालू आहे. डायोड या वेळी सॉकेटमध्ये नाहीत, हातगाडीच्या हादऱ्यात ते निसटतील. जॅक पत्र्याला आवळलेले, बारा व्होल्ट चुकून लागले तरी निभेल अशी आयसी, आणि आउटपुटच्या बटणाला मोठी मूठ, अंधारात हाताला सापडेल अशी.