कापडाने बाळ अंगाशी बांधणे

कापडाने बाळ अंगाशी बांधणे म्हणजे लांब कापडाच्या आधाराने तान्हे मूल छातीशी, कडेवर किंवा पाठीवर घेऊन वावरणे. बाळाचा भार खांदे, पाठ आणि कंबर यांवर विभागला जातो व वाहणाऱ्या व्यक्तीचे हात मोकळे राहतात. ही पद्धत जगाच्या बहुतेक भागांत प्राचीन काळापासून प्रचलित आहे. महाराष्ट्रात यासाठी लुगडे, धोतर, ओढणी किंवा जुने सुती पातळ वापरले जाते. अलीकडे शहरी भागात ‘बेबी रॅप’ किंवा ‘स्लिंग’ या नावाने तयार कापडेही मिळतात. कापड कोणतेही असले तरी बाळाची सुरक्षितता प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते : श्वासमार्ग मोकळा राहणे आणि कंबरेच्या सांध्यांना योग्य आधार मिळणे.

संज्ञा

मराठीत मूल वाहण्याच्या पद्धतींना वेगवेगळे शब्द आहेत. कमरेच्या एका बाजूला बसवणे म्हणजे ‘कडेवर घेणे’, पाठीवर घेणे म्हणजे ‘पाठुंगळी घेणे’, तर कापड दोन्ही टोकांना टांगून त्यात मूल निजवणे म्हणजे ‘झोळी बांधणे’. बोलण्यात अंगावर बांधलेल्या कापडालाही झोळीच म्हणतात. मात्र दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. टांगलेल्या झोळीत मूल आडवे असते व ते सोडून आई कामाला लागते. अंगाशी बांधलेल्या कापडात मूल उभे, आईच्या शरीराला टेकलेले आणि तिच्या नजरेसमोर असावे लागते. टांगलेल्या झोळीचा सैल, खोलगट आकार अंगावरच्या कापडाला दिल्यास तो लहान बाळाला धोकादायक ठरतो.

इतिहास

मेक्सिकोतील रेबोसो, पूर्व आफ्रिकेतील कांगा, कोरियातील पोदेगी, जपानमधील ओंबुहिमो आणि चीनमधील मेई ताई ही या परंपरेतील परिचित कापडे होत. मध्य भारतातील आदिवासी व शेतमजूर स्त्रियांमध्ये मूल पाठीशी किंवा बगलेत कापडाने बांधून रानात जाण्याची रीत आहे. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत या विषयाचे सर्वांत ठळक चित्र राणी लक्ष्मीबाईंचे आहे. एप्रिल १८५८ मध्ये दत्तकपुत्र दामोदररावास पाठीशी बांधून त्या झाशीच्या किल्ल्यातून बाहेर पडल्या, अशी परंपरा आहे आणि त्यांचे अनेक पुतळे याच रूपात घडवलेले आहेत.

युरोप-अमेरिकेत बाबागाडीच्या प्रसारानंतर ही पद्धत मागे पडली होती. जर्मनीत एरिका हॉफमन यांनी १९७२ मध्ये ‘डिडिमोस’ या नावाने विणलेली कापडे विकण्यास सुरुवात केली, तेव्हापासून तिचे तेथे पुनरागमन झाले. भारतातील शहरी मध्यमवर्गाकडे ही पद्धत बरीचशी या मार्गाने, नव्या नावाने परत आली.

कामठी परिसरातील संदर्भ

नागपूरच्या ईशान्येस कन्हान नदीच्या काठी वसलेले कामठी हे १८२१ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी छावणीभोवती वाढलेले शहर आहे. हातमाग आणि बिडी हे येथील जुने उद्योग. उत्तर भारतातून येऊन स्थायिक झालेले मोमीन विणकर आणि विदर्भातील कोष्टी समाज यांनी या भागात सुती लुगडी व साड्या विणल्या. बिडी कामगारांना संघटित करण्याचे काम कामठीचेच बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी केले.

विणकाम आणि बिडीकाम यांचा बाळ बांधण्याशी दुहेरी संबंध आहे. हातमागाचे साधे सुती कापड या कामासाठी उत्तम असते. दुसरीकडे, दोन्ही उद्योगांत बरेच काम घरातच चालते. त्यामुळे मूल जवळ ठेवूनच काम करण्याची वेळ आईवर येते. बिडी वळताना बाळ मांडीवर किंवा अंगाशी बांधलेले असल्यास तंबाखूची धूळ त्याच्या श्वासात जाते. तंबाखू लागलेल्या हातांनी त्याला हाताळल्याने ती त्वचेलाही लागते. यंत्रमागाजवळ कापडाचे सुटे टोक चालत्या भागात अडकण्याचा धोका असतो आणि सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. अशा जागी बाळ बांधून काम करणे टाळावे. घरात हाताशी दुसरी व्यक्ती असेल तर कामाच्या वेळी बाळ तिच्या अंगाशी बांधणे अधिक सुरक्षित. हात स्वच्छ धुऊन व कामाचे वस्त्र बदलून मग बाळाला घ्यावे.

कापडाची निवड

समोर बांधण्यासाठी साधारण साडेचार ते पाच मीटर लांब व ६० ते ७० सेंटिमीटर रुंद कापड पुरते. साडीची रुंदी याहून अधिक असल्याने ती लांबीच्या दिशेने दुमडून घ्यावी लागते. नऊवारी लुगडे गरजेपेक्षा लांब पडते. त्याची टोके जमिनीवर लोळून पायात अडकू शकतात.

साध्या विणीचे सुती कापड उभ्या व आडव्या दिशेने घट्ट राहते, पण तिरक्या दिशेने किंचित ताणले जाते. या गुणामुळे ते बाळाच्या पाठीच्या गोलाईवर नीट बसते आणि तरीही सैल पडत नाही. जॉर्जेट, नायलॉन यांसारख्या निसरड्या कापडाची गाठ सरकते. जरीचे काठ बाळाची त्वचा ओरबाडतात. जुने, मऊ झालेले कापड सुखद असले तरी ते विरलेले नसावे. दोन्ही हातांनी जोरात ताणून आणि उजेडासमोर धरून विरळ जागा, उसवण व भोके तपासावीत.

बांधण्याची पद्धत

प्रथम उशी किंवा मोठी बाहुली घेऊन सराव करावा. बाळासह पहिल्या काही वेळा पलंगाजवळ उभे राहून आणि मदतीला एक व्यक्ती घेऊन बांधावे. समोर बांधण्याची एक प्रचलित रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. कापडाचा मध्य छातीवर आडवा धरावा. दोन्ही टोके काखेखालून पाठीवर न्यावीत, तेथे एकमेकांवरून ओलांडून खांद्यांवरून पुढे सोडावीत. छातीवर आडवा पट्टा तयार होतो.

२. बाळाला खांद्याशी उंच, उभे धरावे. त्याचे पाय पट्ट्याच्या आतून खाली घेऊन त्याला हलकेच खाली सरकवावे. पट्ट्याचा वरचा काठ मानेपर्यंत यावा आणि खालचा काठ ढुंगणाखालून एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरावा.

३. एक हात सतत बाळाच्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताने कापडाचा सैलपणा काढावा. टोक एकदम न ओढता आधी वरचा काठ, मग मधला भाग, मग खालचा काठ असे क्रमाने ओढावे.

४. खांद्यांवरून आलेली टोके बाळाच्या ढुंगणाखाली एकमेकांवरून ओलांडून त्याच्या मांड्यांखालून मागे न्यावीत आणि कमरेवर बांधावीत.

५. गाठ निरगाठच असावी. ओढताच सुटणारी सरगाठ येथे कधीही वापरू नये.

नवजात बाळाला समोरच बांधावे. बाळाची मान धरल्यावर, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांनंतर, कडेवर बांधता येते. पाठीवर बांधण्यासाठी ते आधाराविना बसू लागेपर्यंत थांबावे, कारण पाठीवर असलेल्या बाळाचा चेहरा दिसत नाही.

श्वासमार्गाची सुरक्षितता

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान दुबळी असते. कापड सैल असेल तर ते खाली घसरते, पाठ दुमडते आणि हनुवटी छातीला टेकते. या स्थितीत श्वासनलिका दबते. बाळाला रडण्याइतकीही हवा मिळत नसल्याने हा प्रकार आवाजाविना घडतो. बाळ झोपले आहे, असे वाटत असतानाच त्याचा श्वास कोंडू शकतो. दुसरा धोका कापडात किंवा वाहणाऱ्याच्या अंगात नाक-तोंड दाबले जाण्याचा आहे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळीसारख्या वाहकांबाबत इशारा दिला. त्याआधीच्या २० वर्षांत अशा वाहकांशी संबंधित किमान १४ मृत्यूंची नोंद आयोगाने घेतली होती आणि त्यांपैकी १२ बालके चार महिन्यांहून लहान होती. ब्रिटनमध्ये पालकांना शिकवल्या जाणाऱ्या पाच कसोट्या जगभर स्वीकारल्या गेल्या आहेत :

– कापड घट्ट असावे; पाठीवर हात दाबला असता बाळ आत सरकू नये.
– चेहरा सतत दिसावा. पदर, ओढणी किंवा कापडाचा काठ तोंडावर येऊ नये.
– बाळ इतके उंच असावे की मान किंचित वाकवून त्याच्या डोक्याचा पापा घेता यावा.
– हनुवटी आणि छाती यांमध्ये निदान एक बोट मावेल एवढे अंतर असावे.
– पाठीला नैसर्गिक स्थितीत पूर्ण आधार असावा आणि पोट वाहणाऱ्याच्या अंगाला टेकलेले असावे.

अंगावर पाजण्यासाठी कापड सैल केल्यास पाजून झाल्यावर बाळाला पुन्हा उभे करून कापड घट्ट करावे. बाळ बांधलेले असताना वाहणाऱ्या व्यक्तीने झोपू नये. बाळ कण्हत असेल, श्वास जलद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा अंग लुळे पडले असेल तर त्याला तत्काळ कापडातून बाहेर काढावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे किंवा श्वसनाचा विकार असलेले बाळ बांधण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

कंबरेच्या सांध्यांची ठेवण

जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाची खोबण बरीचशी कूर्चेची असते. पाय सरळ करून घट्ट आवळल्यास हाड खोबणीतून सरकण्याची शक्यता वाढते. याउलट पाय फाकलेले आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, म्हणजे समोरून इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी बैठक, सांध्याच्या वाढीस अनुकूल असते. कडेवर मूल घेण्याच्या पारंपरिक रीतीत ही बैठक आपोआप साधते. कापड अरुंद असून पाय खाली लोंबत असतील तर तो आधार मिळत नाही. बाळाला दुपट्यात पाय सरळ करून आवळल्यावर मग अंगाशी बांधणेही याच कारणाने अयोग्य आहे.

उन्हाळा आणि हिवाळा

नागपूर-कामठी भागात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बांधलेल्या बाळाला हवेची उष्णता, कापडाचे थर आणि वाहणाऱ्याच्या शरीराची ऊब अशी तिहेरी उष्णता लागते. कापडाचा प्रत्येक थर हा एक कपडा समजून बाळाच्या अंगात त्या मानाने कमी कपडे घालावेत. त्याला उष्ण होते आहे का, हे हातपायांवरून न ओळखता मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहावे. दुपारच्या उन्हात बाळ बांधून बाहेर पडू नये. उन्हापासून बचावासाठी त्याच्या चेहऱ्यावर ओढणी टाकल्यास आत उष्णता साठते आणि हवा कोंडते. त्याऐवजी छत्री वापरावी. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही पाणी न देता अधिक वेळा अंगावर पाजावे. हिवाळ्यात कापडाबाहेर राहणारे डोके व पाय झाकावेत. जाड स्वेटरवरून बांधल्यास कापड नंतर सैल पडते, म्हणून शाल बाहेरून घ्यावी.

चूल किंवा गॅसजवळ, उकळते पाणी हाताळताना आणि दुचाकीवर बाळ बांधलेले नसावे. खाली वाकताना कमरेतून न वाकता गुडघे दुमडून बसावे आणि एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवावा.

वैद्यकीय उपयोग : कांगारू मातृसेवा

कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये, उबपेट्यांच्या टंचाईवर उपाय म्हणून, कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी कापडाने बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट व टोपी असते. त्वचेला त्वचा लागून त्याला ऊब मिळते आणि स्तनपान सुलभ होते. भारत सरकारने सप्टेंबर २०१४ मध्ये यासंबंधी कार्यपद्धती प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरियाणातील अभ्यासात घरी अशी सेवा मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांचा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्यानंतर लगेच सुरू केलेल्या सेवेमुळे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. आई आजारी असल्यास वडील, आजी किंवा घरातील इतर निरोगी व्यक्तीही ही सेवा देऊ शकतात. ती रुग्णालयातील प्रशिक्षित परिचारिकेकडून शिकून घ्यावी.

निरोगी बाळांबाबत, कॅनडातील हंझिकर व बार यांच्या १९८६ मधील अभ्यासात अधिक वेळ अंगावर घेतलेल्या सहा आठवड्यांच्या बाळांचे रडणे व कुरकुर ४३ टक्क्यांनी कमी आढळली.

पाळणाघराचा प्रश्न

श्रमिक स्त्रीसाठी बाळ बांधणे ही बहुधा आवड नसून पर्यायाच्या अभावी केलेली सोय असते. बिडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्यात, बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात आणि २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या प्रसूती लाभ कायद्यात पाळणाघराची तरतूद करण्यात आली. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामाच्या जागी असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक सांगितली होती. कारखाना किंवा बांधकाम यांसाठीच्या तरतुदी कामाच्या जागेशी व कामगारांच्या संख्येशी बांधलेल्या असल्याने घरात बिडी वळणाऱ्या किंवा माग चालवणाऱ्या स्त्रीला त्यांचा लाभ मिळत नाही. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक वर्गही तीन वर्षांनंतर सुरू होतो. त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत मूल आईजवळच राहते आणि ज्या वयात ते बांधून घेतले जाते, त्याच वयात बांधणीतील चूक सर्वाधिक घातक ठरते. या कारणाने सुरक्षित बांधणीची माहिती बाळंतिणीला प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वी आणि आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत मिळणे उपयुक्त ठरते.