पानाच्या पाठीवरची ओळख

आषाढात पावसाने एकदा त्र्यंबकच्या डोंगरांवर ठाण मांडले, की ब्रह्मगिरीच्या आणि अंजनेरीच्या ज्या काळ्या कातळांवर वैशाखात गवताचे पातेही दृष्टीस पडत नाही, त्याच कातळांच्या सांदीकोपऱ्यांतून आणि पाझरणाऱ्या दरडींवरून नेच्यांची कोवळी, गुंडाळलेली पाने उलगडू लागतात. आणि वाटसरूस ती सारी एकच हिरवळ वाटली, तरी त्या हिरवळीत अनेक कुळे शेजारीशेजारी नांदत असतात. त्यांपैकी अथायरियम, म्हणजे इंग्रज ज्यांना लेडी फर्न म्हणतात त्या नाजूक नेच्यांची प्रजाती, ओळखण्यास विशेष अवघड आहे. कारण तिची रेखीव, दुहेरी विभागलेली पाने इतर कुळांतही हुबेहूब आढळतात.

लिनियसने १७५३ साली युरोपातील ‘नर’ नेचा आणि हा ‘स्त्री’ नेचा दोन्ही एकाच प्रजातीत घातले होते. पुढे १७९९ साली रोथने अथायरियमला स्वतंत्र स्थान दिले. हा निवाडा योग्यच होता, असे पानाची पाठ पाहताच पटते. तेथे बीजाणुधान्यांचे तपकिरी पुंज शिरांच्या कडेने बसलेले असतात आणि प्रत्येक पुंजावर पुंजत्राण नावाचा पातळ पापुद्रा असतो. ड्रायोप्टेरिसमध्ये, म्हणजे नर नेच्याच्या प्रजातीत, हा पापुद्रा वृक्काकार असतो. ॲस्प्लेनियममध्ये पुंज सरळ व लांबट. डिप्लेझियममध्येही लांबट, परंतु पुष्कळदा एकाच शिरेच्या दोन्ही अंगांस पाठीला पाठ लावून जोडीने बसलेले. अथायरियमचा पुंज मात्र शिरेच्या एका अंगाने निघून टोकाशी ती शीर ओलांडतो आणि पलीकडच्या अंगास वळतो. सगळेच पुंज असे वळलेले नसतात, काही अगदी सरळही असतात. म्हणून भिंग घेऊन पर्णिकेच्या मध्यशिरेलगतचे पुंज आधी तपासावेत, कारण वळण तेथेच ठळक दिसते.

एवढ्याने समाधान न झाल्यास देठ बुडाशी आडवा कापावा. अथायरियममध्ये तेथे दोनच वाहक पूल दिसतात आणि ते वर जाताना एकत्र येतात. ड्रायोप्टेरिसमध्ये अनेक लहान पूल कमानीने मांडलेले असतात. कातळावरच वाढणारा हायपोडेमेशियम हाही नवख्यास चकवतो. परंतु त्याच्या देठाच्या बुडाशी तांबूस शल्कांचा दाट गुच्छ असतो आणि पानावर लव असते.

प्रजाती मुक्रर झाल्यावर जातीचा प्रश्न उरतो. सह्याद्रीतील अथायरियम होहेनॅकेरियानम याच्या पर्णिका पुन्हा खोलवर विभागलेल्या असतात, तर अथायरियम फॅल्कॅटम याच्या पर्णिका विळ्याप्रमाणे वळलेल्या आणि कडेलाच कातरलेल्या. कोवळ्या रोपांत हा भेद पुसट असतो, म्हणून पुंज धरलेल्या पानाखेरीज कोणत्याही नावाची खातरजमा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ब्लॅटर आणि डिआल्मेडा यांनी १९२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील वर्णने पडताळून पाहतानाही ही अट सुटत नाही.

पाहणीस श्रावण उत्तम, कारण पुढे बीजाणू पिकले की पापुद्रा आक्रसतो आणि सर्वांत महत्त्वाचा पुरावा नाहीसा होतो. नमुना घेणे अटळच असेल, तर देठाच्या बुडातील शल्कांसह एकच पूर्ण पान कागदात दाबावे आणि कातळातले मूलक्षोड तसेच राहू द्यावे. पावसाळा सरताच पाने वाळतात, पण पुढच्या वर्षीची पाने त्यातूनच फुटायची असतात.