दिसते ते सारेच वाचता येत नाही : संकेतस्थळांच्या सुगम्यतेविषयीचे गैरसमज

जामखेडसारख्या तालुक्याच्या गावाहून अहिल्यानगर हे जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ७५ किलोमीटर दूर असल्यामुळे, दाखला, अर्ज वा निकाल घरबसल्या मिळवून देणारे संकेतस्थळ ज्याच्या सर्वाधिक उपयोगाचे ठरावे तो नागरिक म्हणजे प्रवास अवघड असलेला दिव्यांग. आणि नेमका तोच संकेतस्थळे वापरत नाही, असे गृहीत धरून बहुतेक संकेतस्थळे तयार केली जातात. हा पहिला गैरसमज होय. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांगांची नोंद झाली होती, आणि त्यानंतर २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे मान्यताप्राप्त प्रकार ७ वरून २१ वर नेले. दृष्टिहीन व्यक्ती 'स्क्रीन रीडर', म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली, वापरते. संगणकासाठीची 'एनव्हीडीए' ही आज्ञावली २००६ पासून विकसित होत आली असून ती विनामूल्य मिळते, अँड्रॉइड फोनमधील 'टॉकबॅक' वेगळी विकत घ्यावी लागत नाही, आणि मराठी वाचणारा आवाजही उपलब्ध आहे. अडथळा उपकरणाचा नसून पान कसे बनवले आहे याचा आहे.

मराठी संकेतस्थळांपुरता सर्वांत दृढ गैरसमज असा की, पडद्यावर मराठी अक्षरे दिसली म्हणजे मजकूर उपलब्ध झाला. युनिकोड ही प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी जागतिक प्रणाली होय. ती रूढ होण्यापूर्वीच्या मराठी टंकांत मात्र रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत, त्यामुळे डोळ्यांना 'जामखेड' दिसत असले तरी संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरांचे अर्थहीन कडबोळेच असते आणि स्क्रीन रीडर तेच इमानाने वाचतो. अशा टंकातील सूचना छापून, तिच्यावर सही-शिक्का घेऊन, ती स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवली की कडबोळेही उरत नाही, उरते ते केवळ छायाचित्र, ज्यावर स्क्रीन रीडर गप्प राहतो. वास्तविक संकेतस्थळावरील दस्तऐवज ई-पब किंवा अक्षरओळख केलेल्या पीडीएफच्या रूपात असावेत, असे या अधिनियमाखालील २०१७च्या नियमांतच नमूद होते. मजकूर खरोखर मजकूर आहे का, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही: एखादी ओळ निवडून ती नोटपॅडमध्ये चिकटवावी, आणि तेथे शुद्ध मराठी उमटले तर निम्मे काम झाले असे समजावे. उरलेल्या निम्म्यात पानाची भाषा मराठी असल्याची खूण त्याच्या संकेतावलीत, म्हणजे कोडमध्ये, असणे येते, कारण तेथे 'इंग्रजी' असे राहून गेले तर इंग्रजी आवाज मराठीची मोडतोड करतो किंवा मजकूर गाळून पुढे जातो.

अर्जाच्या पानावर तर याहून बारीक चुका महागात पडतात. 'अर्जदाराचे नाव' हे शब्द रकान्याशेजारी नुसते लिहून भागत नाही, ते संकेतावलीत त्या रकान्याशी जोडावे लागतात. अन्यथा वापरकर्त्याला प्रत्येक रकान्यावर 'एडिट, ब्लँक' एवढेच ऐकू येते आणि नाव कोठे व आधार क्रमांक कोठे लिहायचा याचा अदमास घेत बसावे लागते. त्यातून पार पडल्यावर वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची चाचणी, म्हणजे कॅप्चा, समोर येते, आणि तिला ध्वनीचा पर्याय नसेल तर सारा अर्ज तेथेच थांबतो.

पानाच्या माथ्यावर अक्षरे लहान-मोठी करणारी बटणे बसवली, किंवा सुगम्यतेचे तयार साधन एका ओळीने जोडले, की संकेतस्थळ सुगम झाले, हा समज विक्रेत्यांनी वाढवलेला आहे. अशी साधने न जोडलेला रकाना जोडतीलच किंवा चित्राचे खरे वर्णन लिहितीलच याची खात्री नसते; अशाच साधनाविषयी दिशाभूल करणारे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये 'ॲक्सेसिबी' या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले.

सुगम्यता केवळ अंधांसाठी असते, हेही खरे नाही. कर्णबधिरांना चित्रफितीखाली शब्द लागतात, आणि ज्याचा हात माउसवर स्थिरावत नाही त्याला सारे पान कळफलकाच्या टॅब कळीने फिरता आले पाहिजे. वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या आंतरराष्ट्रीय निकषांच्या 'एए' पातळीनुसार सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते; फिकट करड्या अक्षरांचा सोस असलेल्या रचनाकारांनी आपले पान वैशाखातल्या उन्हात फोनवर उघडून पाहावे. सुगम्यतेचा उपयोग दिव्यांगांपलीकडेही होतो, याला जामखेडचाच एक जुना दाखला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये येथे सुरू केलेल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही गावोगावच्या आरोग्यसेविका झाल्या, कारण ज्ञान त्यांना पेलेल अशा रूपात त्यांच्यापर्यंत नेले गेले. बोलणारे पान अशा अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही उपयोगी पडते.

राहिला कायद्याचा प्रश्न. सुगम्यता ही सौजन्याची बाब आहे, हा समज दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या ४६व्या कलमाने खोटा ठरतो. ते कलम शासकीय आणि खासगी अशा दोन्ही सेवापुरवठादारांना लागू आहे. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, शिफारशींच्या स्वरूपातील तत्त्वांवर विसंबणारा २०१७चा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून, बंधनकारक निकष आखण्यास केंद्र शासनाला तीन महिन्यांची मुदत दिली. प्रज्ञा प्रसून प्रकरणातील ३० एप्रिल २०२५चा निकाल त्याहून पुढे गेला: ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तीला ओळख पटवताना पापण्या मिटून दाखवायला सांगणारी पद्धत न्यायालयापुढे आली, तेव्हा डिजिटल सेवांपर्यंतची पोच हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवण्यात आला.

हे सारे खर्चिक असते, हा आक्षेप बहुधा तयार संकेतस्थळ उकरून दुरुस्त करण्याच्या खर्चावरून घेतला जातो. रकान्याला नाव जोडणे वा मजकूर युनिकोडमध्ये टंकणे याला पहिल्याच वेळी जवळजवळ काही लागत नाही. म्हणून एखाद्या नगरपरिषदेने, बँकेने किंवा महाविद्यालयाने संकेतस्थळाचे काम देताना करारातच 'एए' पातळीची अट घालावी आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीकडून एक अर्ज पहिल्या रकान्यापासून पोचपावतीपर्यंत भरून घ्यावा.